लॅटिनपासून एस्पेरांतोपर्यंत: ‘गुरुत्वा’चे शब्द पाठ करण्याआधी

वेगवेगळ्या भाषांतले ‘गुरुत्वा’चे शब्द तक्ता करून पाठ करू नकोस, घोटाळा होईल. आधी लॅटिनचं ‘ग्राविटास’ नीट धर. अर्थ वजन, जडपणा. न्यूटनने 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गुरुत्वासाठी हाच शब्द वापरला. पुढची रूपं मात्र ‘ग्राविटास’वरून नाही, द्वितीयेच्या ‘ग्राविटाटेम’वरून आली. इटालियन ‘ग्राविता’, स्पॅनिश ‘ग्रावेदाद’. इंटरलिंग्वा या मुद्दाम घडवलेल्या भाषेत तर ‘ग्राविताते’, जवळजवळ जसंच्या तसं. (आपला ‘गुरु’ म्हणजे जड, तोही याच मूळ घराण्यातला.)

खरी गंमत फ्रेंचमध्ये. तिथे विश्वातलं परस्पर आकर्षण म्हणजे ‘ग्रावितासिओं’, पण पृथ्वीवर जाणवणारी ओढ ‘पेझांतर’, आणि तिच्यात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणामही धरतात. अंतराळवीर तरंगतात ती अवस्था ‘आपेझांतर’. ‘ग्रावितासिओं’ आणि ‘पेझांतर’ ही जोडी उदाहरणांसकट वहीत लिहून ठेव.

एस्पेरांतो या दुसऱ्या घडवलेल्या भाषेत सगळे एकाच ठिकाणी अडकतात: ‘ग्रावा’ म्हणजे महत्त्वाचं, जड नव्हे! जडला ‘पेझा’, गुरुत्वाला ‘ग्राविटो’. भौतिकशास्त्रावर लिहिताना ‘ग्रावेत्सो’ लिहिलंस तर सफरचंद ‘महत्त्वा’मुळे खाली पडेल. स्पॅनिश बातमीत ‘ग्रावेदाद’ दिसलं तर आधी बघ, विषय दवाखान्याचा आहे का. तिथे तो प्रकृतीचा गंभीरपणा असतो.