मसाला गावचा, तरी रस्सा परका

गावाहून परदेशात येणाऱ्या बॅगेत काळ्या मसाल्याचा डबा असतोच. यवतमाळ-वर्ध्याकडच्या घरात उन्हाळ्यात कुटलेला, तीन पिशव्यांत गाठ मारून बांधलेला. तरी रस्सा चुलीवरच्यासारखा होत नाही, मग अजून एक चमचा मसाला पडतो आणि रस्सा आणखी उग्र होतो. वऱ्हाडी रश्शाची चव बरीचशी वाटणात असते. कांदा किती भाजला, खोबरं कोणत्या रंगावर उतरवलं, वाटण तेलात किती वेळ राहिलं, हे आधी बघा. डबा नंतर.

चार माणसांच्या रश्शाला मध्यम कांदे 3 (साधारण 300 ग्रॅम), सुकं खोबरं 40 ग्रॅम, खसखस 1 मोठा चमचा, धणे 2 मोठे चमचे, जिरं 1 लहान चमचा, लवंगा 4, मिरे 8, दालचिनी 1 इंच, मसाला वेलदोडा 1, दगडफूल चिमूटभर, लसूण 12-15 पाकळ्या, अद्रक 1 इंच, तिखट 1 मोठा चमचा आणि तेल 75 मिली. घरचा काळा मसाला असेल तर धणे-जिरं ठेवा, बाकी खडा मसाला वगळा आणि हा मसाला 2 लहान चमचे घ्या. दोन्ही पूर्ण मापानं घातले की लवंग-दालचिनीच तेवढी लागते.

आता कांदा. गावात तो सालासकट चुलीच्या निखाऱ्यात सरकवतात. बाहेरून कोळसा, आतून लोण्यासारखा मऊ. कढईत तेलावर परतलेल्या कांद्याला हा वास येत नाही. परदेशात त्याला सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे ओव्हन: 220 अंश सेल्सिअसवर अख्खे कांदे सालासकट 45-50 मिनिटं. सुरी आरपार गेली पाहिजे आणि सालाखालचा पापुद्रा काळपट-तपकिरी दिसला पाहिजे. साल आणि जळका थर काढून टाका, पण सगळं धुवून काढू नका, थोडा डाग राहू द्या. मोठे पिवळे गोडसर कांदे टाळा. त्यांत पाणी फार, रस्सा गुळमट होतो. लाल कांदा किंवा छोटे शॅलट घ्या.

खोबऱ्याचं पाकीट उलटून वाचा. अमेरिकेत केकसाठीचं साखर घातलेलं खोबरं त्याच फळीवर असतं. भाजताना खोबरं बदामी झालं की लगेच थंड ताटलीत काढा. इलेक्ट्रिक शेगडी बंद केल्यावरही तापलेलीच राहते, त्यामुळे कढईत ठेवलेलं खोबरं दोन मिनिटांत काळं पडतं. जळक्या खोबऱ्याचा कडवटपणा कशानंच जात नाही. दह्यानं नाही, साखरेनं तर नाहीच (आणि आपल्या रश्शात साखर कशाला?). ते फेकून नवं भाजा. खसखस सगळ्यात शेवटी, मंद आचेवर, तडतडली की बास.

खसखशीचं एक लक्षात ठेवा: संयुक्त अरब अमिरात, सौदी आणि सिंगापूरमध्ये तिला बंदी आहे. तिकडे राहत असाल तर बॅगेत चिमूटभरही नेऊ नका. त्याऐवजी मगजबी (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया) किंवा पांढरे तीळ घ्या. दाटपणा तसाच येतो.

तिखटाचाही घोळ होतो. अमेरिकन दुकानातल्या 'चिली पावडर'मध्ये बहुधा जिरं, ओरेगॅनो आणि लसूण मिसळलेले असतात, ती रश्शात घालू नका. भिवापुरी मिरची मिळाली तर उत्तम. नाहीतर रंगाला ब्याडगी आणि जाळाला गुंटूर, निम्मं-निम्मं. अख्ख्या मिरच्या घेतल्या आणि कोरड्या भाजल्या की धुराचा अलार्म वाजणार, म्हणून त्या कढत पाण्यात 20 मिनिटं भिजवून वाटा.

बहुतेक घरांत गाडी अडते ती वाटण्यात. तिकडच्या उंच ब्लेंडरच्या भांड्यात पाणी ओतल्याशिवाय काही फिरत नाही, आणि पातळ झालेलं वाटण तेलात परततच नाही, नुसतं उकळतं. मग रश्शाला कच्चट वास येतो. सुकं सगळं आधी कॉफी ग्राइंडरमध्ये बारीक करा. कांदा-लसूण-अद्रक वेगळं वाटा, कांद्याच्या स्वतःच्या पाण्यावर. मग दोन्ही एकत्र. चमचा उलटा केला तर वाटण पडायला वेळ लागला पाहिजे.

तेल शेंगदाण्याचं घ्या. जवसाचं तेल ही जुनी वऱ्हाडी चव खरी, पण परदेशात हेल्थ स्टोअरमध्ये मिळणारं कच्च्या घाणीचं जवस तेल तापवायचं नसतं. रंगाच्या दुकानातलं 'लिनसीड ऑइल' तर स्वयंपाकघरात आणूच नका, लाकडाला लावायच्या त्या तेलात विषारी द्रव्यं असू शकतात.

जाड बुडाच्या गंजात (पातेल्यात) तेल तापवून वाटण मध्यम आचेवर 12-15 मिनिटं परता. खाली लागलं की एक चमचा कढत पाणी, पुन्हा परता. कडेनं तेल सुटून वाटणाचा गोळा होईपर्यंत थांबा. मग आच मंद करून तिखट आणि हळद घाला. नुसत्या तापलेल्या तेलात तिखट टाकलं तर ते करपतं, ओल्या वाटणात ते सांभाळलं जातं. अर्धं मिनिट, आणि लगेच 900 मिली कढत पाणी, दीड लहान चमचा मीठ.

मिरचीचा रंग आणि जाळ दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाहीत. तर्री म्हणजे तेच. खदखदून उकळलं तर तेल पुन्हा रश्शात मिसळतं, म्हणून एक उकळी आली की मंद आचेवर, झाकण न लावता 20 मिनिटं. त्यानंतर गॅस बंद करून 10 मिनिटं हात लावू नका. तर्री आपोआप वर येते. जास्त वाटली तर पळीनं काढा, पण परतताना तेल कमी करू नका. रस्सा पातळ झाला तर 1 मोठा चमचा ज्वारीचं पीठ कोरडं भाजून, गार पाण्यात कालवून घाला. भेदरं (टोमॅटो) घालू नका, आंबटपणानं भाजलेल्या कांद्याचा वास झाकला जातो. आंबट हवंच तर ताटात लिंबू पिळा. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून.

पाटवड्या (बेसनाच्या थापलेल्या वड्या) असतील तर त्या वाढताना ताटात ठेवून वरून रस्सा ओता. गंजात टाकून उकळल्या की गाळ होतो. पाटवडीतही मीठ असतं, ते धरून रश्शाचं मीठ ठेवा.

आईला फोनवर 'किती घालू' विचारलं की 'अंदाजानं' हेच उत्तर येतं. पुढच्या सुट्टीत वजनकाटा घेऊन तिच्याजवळ बसा. धण्यांची मूठ वेगळी मोजा, खोबऱ्याची वेगळी. आणि निखाऱ्यातून काढलेल्या कांद्याचा फोटो काढून ठेवा, उन्हात. दिव्याखाली काढाल तर रंग फसवतो.