स्किझोफ्रेनियात सीबीटीचा उपयोग होतो का? भावाला त्याचे संशय खोटे वाटतच नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या नियमित चालू आहेत, झोप आणि चिडचिड सुधारली आहे. पण फक्त त्यालाच ऐकू येणारे आवाज पूर्ण गेलेले नाहीत आणि शेजारचे पाळत ठेवतात हा संशयही कायम आहे. डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर बोलून केलेला उपचार) सुचवली आहे. ज्याला आपला संशय शंभर टक्के खरा वाटतो, त्याच्याशी बोलून काय साधणार, असं तुम्ही विचारलं आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम अशाच रुग्णांबरोबर चालतं. बोलून साधतं. पण नेमकं काय साधतं ते आधी समजून घ्या, नाहीतर चार सेशन झाल्यावर "आवाज तर अजून येतात" म्हणून घरचेच उपचार सोडून देतात. हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि दरवेळी जीव हळहळतो.

सीबीटीत आम्ही रुग्णाशी वाद घालत नाही. "शेजारी कशाला पाळत ठेवतील? तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे," हे त्याने घरात असंख्य वेळा ऐकलेलं असतं. ते ऐकून तो गप्प होतो, एवढंच. कधीकधी घरचेही त्यांना सामील आहेत की काय, अशी शंका त्याला यायला लागते. आम्ही विचारतो, आवाज कधी येतो? कोणाचा वाटतो? तो आला की तू काय करतोस? आणि त्याचं ऐकलं नाहीस तर काय होईल? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवूड यांनी 1994 मध्ये हाच मुद्दा मांडला. आवाज काय बोलतो यापेक्षा तो किती ताकदवान आणि किती वाईट हेतूचा वाटतो, यावर माणसाचा त्रास जास्त अवलंबून असतो.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पंचविशीतला मुलगा, आयटीआय झालेला, कित्येक महिने घराबाहेर पडला नव्हता. त्याला वारलेल्या चुलत्याचा आवाज यायचा: "उंबरा ओलांडलास तर तुझी आई गाडीखाली येईल." घरच्यांना वाटायचं, पोरगा आळशी झाला, गोळ्यांनी सुस्तावला. तो मात्र दिवसभर आईचा जीव राखत बसलेला असायचा. आई रोज बाजारातून सुखरूप परत यायची, आणि मी घरात थांबलो म्हणून ती वाचली, असा अर्थ तो काढायचा. भीती खरी की खोटी हे तपासायची वेळच त्याच्यावर येत नव्हती.

सुरुवातीचे काही आठवडे आम्ही उंबऱ्याचा विषयसुद्धा काढला नाही. एका वहीत तो रोज लिहायचा: किती वाजता आवाज आला, काय म्हणाला, त्याआधी काय चाललं होतं, त्रास दहापैकी किती. हळूहळू त्याचं त्यालाच दिसायला लागलं. जागरण झालं की दुसऱ्या दिवशी आवाज वाढतो. संध्याकाळी एकटा असला की वाढतो. पेपर मोठ्याने वाचताना किंवा आईबरोबर लसूण सोलताना मात्र बारीक होतो. एक दिवस त्यानेच मला विचारलं, "मॅडम, काकांच्या हातात एवढं सगळं असतं, तर मी लसूण सोलायला बसलो की ते गप्प का होतात?" हा प्रश्न मी विचारला असता तर तो माझ्याशी भांडला असता.

त्याच वहीत मग आवाजाची संभाव्य कारणं लिहिली. काकांचा आत्मा, भाऊबंदकीतून कोणी केलेली करणी, आजार, झोप न मिळालेला मेंदू, काका गेल्याचं मनात राहिलेलं दुःख. प्रत्येकापुढे, आज मला हे किती टक्के पटतं. मी एकही कारण खोडलं नाही. मग भाकीत लिहायचं: "मी फाटकापर्यंत गेलो तर संध्याकाळपर्यंत आईला काहीतरी होईल." पुढे त्याचा टक्का. पहिल्यांदा तो शंभराच्या जवळ होता. आधी दार, मग फाटक, मग कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आणि दरवेळी घरी आल्यावर काय झालं ते वहीत. टक्का खाली यायला वेळ लागला, मधे एकदा पुन्हा वरही गेला. आज तो मामाच्या गॅरेजमध्ये अर्धा दिवस काम करतो. आवाज अजून येतो.

आपल्याकडे आवाज नात्यातल्या माणसाचा असणं अगदी साहजिक आहे. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नई, घानातलं आक्रा आणि कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ इथे आवाज ऐकणाऱ्या प्रत्येकी 20 जणांशी बोलून अभ्यास केला होता. चेन्नईतल्या अनेकांना नातेवाइकांचे आवाज यायचे, हे कर, ते आवर असं सांगणारे. अमेरिकेतले आवाज जास्त हिंसक होते. म्हणून ज्या थेरपिस्टला आपल्या घरांमधलं राजकारण, मोठ्यांचा धाक, करणी-बाधेची भीती कळते, त्याच्याकडे काम सोपं जातं. परदेशी प्रश्नावली समोर ठेवून ओळीने वाचून दाखवणाऱ्याकडे रुग्ण दुसऱ्यांदा येत नाही.

आता पुरावा. ही कालपरवाची टूम नाही. सीबीटीचे जनक एरन बेक यांनी 1952 मध्येच, म्हणजे नैराश्यावरच्या कामासाठी ते प्रसिद्ध होण्याच्या बरेच आधी, संशयाने पछाडलेल्या एका स्किझोफ्रेनिक रुग्णावर बोलून केलेल्या उपचारांबद्दल लिहिलं होतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची 2014 ची मार्गदर्शिका सांगते की गोळ्यांसोबत प्रत्येक रुग्णाला सीबीटी देऊ करावी, एकास एक, किमान 16 सत्रं. कुटुंबासाठी वेगळी, किमान 10 सत्रं. त्याच वर्षी ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीत आलेल्या एका मोठ्या आढाव्यात मात्र लक्षणांवर होणारा परिणाम लहान दिसला, आणि कोणाला कोणता उपचार मिळाला हे तपासणाऱ्याला माहीत नव्हतं त्या अभ्यासांमध्ये आणखी लहान. यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर लक्षणांचा स्कोअर हे एकच माप लावणं मला पटत नाही. त्या मुलाचे आवाज मोजले तर फारसा फरक दिसणार नाही. तो घराबाहेर पडतो का, हे विचारा.

गोळ्या कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून बंद करू नका. सीबीटी सुरू झाली म्हणून डोस कमी करायचा नसतो, तो निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा. आवाज "जीव दे" किंवा "त्याला मार" असं सांगत असतील तर पुढच्या सेशनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री कोणी सापडलं नाही तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

थेरपिस्ट निवडताना दोन गोष्टी थेट विचारा, त्यात संकोच नको. क्लिनिकल सायकॉलॉजीमध्ये एमफिल आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का? आणि सायकोसिसच्या, म्हणजे आवाज येणं, संशय पक्का बसणं अशा त्रासाच्या, रुग्णांबरोबर काम केलं आहे का? नैराश्य आणि चिंतेवर उत्तम काम करणारे पुष्कळ आहेत, इथे मात्र अनुभव वेगळा लागतो. खासगी फी परवडत नसेल तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या ओपीडीत चौकशी करा. पुण्याच्या आसपास असाल तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केलेली संस्था आहे. तिथे तुमच्यासारख्याच घरातली माणसं भेटतील.

घरी तुम्ही काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. तो "शेजारचे माझ्याबद्दल बोलतायत" म्हणाला की त्यावर हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. "मला ऐकू आलं नाही, पण तुला ऐकू येतंय म्हणजे भीती वाटत असणार. आत्ता काय केलं तर बरं वाटेल?" इतकंच विचारा. त्याची झोप सांभाळा, जागरणं टाळा. आणि त्याला सेशनला नेताना "तुझा संशय घालवायला चाललोय" असं सांगू नका, तो दारातूनच परत फिरेल. "तुला जो त्रास होतो, त्याबद्दल बोलायला जाऊ" म्हणा. पहिल्या सेशनला तुम्ही बाहेर बसा. त्याने बोलावलं तर आत जा.