गाळलेल्या जागा भरा

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. परवा पोळ्या लाटता लाटता एक पंजाबी-इंग्रजी रॅप गुणगुणत होती. मोबाइलवर बघितलं तर गाण्याच्या नावाशेजारी छोट्या चौकटीत इंग्रजी ‘ई’. ‘ई म्हणजे एक्स्प्लिसिट, शिव्या किंवा अश्लील शब्द असलेलं’ हे तिनंच मला सांगितलं. वर म्हणाली, ‘आई, शब्द कोण ऐकतंय गं!’ हे अक्षर सेन्सॉर बोर्ड लावतं का? अशी गाणी बंद करता येतात का? आमचे हे म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. शिवाय त्यातल्या एका शब्दाचा अर्थ हवा आहे. शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी तुमच्या यजमानांकडे वळतो. त्यांचं वय साधारण पंचेचाळीस धरलं, तर 1993 साली ते शाळेत होते आणि मी सांगलीत कॅसेटचं दुकान चालवत होतो. त्या वर्षी ‘खलनायक’मधलं ‘चोली के पीछे’ आलं. दिल्लीत एक वकील त्याविरुद्ध कोर्टात गेले, आकाशवाणी-दूरदर्शननं ते वाजवायचं बंद केलं. कोर्टात प्रकरण टिकलं नाही. इकडे माझ्याकडे सकाळी आलेल्या कॅसेट संध्याकाळपर्यंत राहत नव्हत्या.

एक दिवस एक शिक्षिकाबाई तीच कॅसेट घेऊन आल्या. मुलाच्या हट्टापायी घेतलेली. म्हणाल्या, ‘बाकीची गाणी राहू देत, एवढं एक पुसून द्या.’ तयार कॅसेटवर चुकून काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागच्या कडेला दोन खाचा उघड्या ठेवलेल्या असतात. त्यांवर सेलोटेप चिकटवला की मशीन फसतं. मी चिकटवला, डेकमध्ये कॅसेट घातली आणि गाणं जिथं सुरू होतं तिथून संपेपर्यंत काहीही न जोडता रेकॉर्डचं बटण दाबून ठेवलं. गाणं गेलं, जागा राहिली. दोन रुपये घेतले.

पुढच्या महिन्यात बाई परत आल्या. पोराच्या वाढदिवसाला कॅसेट लावली होती. त्या शांततेशी टेप आली आणि दहा-बारा पोरांनी टाळ्या पिटत अख्खं गाणं स्वतःच म्हणून टाकलं. म्युझिकसकट. एरवी पोरं जेवणाकडे बघत बसली असती! मी दोन रुपये परत द्यायला लागलो, तर त्यांनी घेतले नाहीत.

आता तुमचं ‘ई’. त्याचं मूळ अमेरिकेत आहे आणि सुरुवात तुमच्यासारख्याच एका आईनं केली. टिपर गोर, पुढे उपाध्यक्ष झालेल्या अल गोर यांच्या पत्नी. त्यांनी अकरा वर्षांच्या लेकीसाठी प्रिन्स नावाच्या गायकाची ‘पर्पल रेन’ ही रेकॉर्ड आणली आणि त्यातल्या एका गाण्याचे शब्द ऐकून त्या हादरल्या. वॉशिंग्टनमधल्या वजनदार बायकांची एक समिती उभी राहिली आणि 19 सप्टेंबर 1985 ला प्रकरण थेट सिनेटच्या समितीपुढे गेलं. तिथं जॉन डेन्व्हर साक्षीला आला होता. चष्मा लावून डोंगर-झऱ्यांची गाणी म्हणणारा गृहस्थ. त्याचं कोलोरॅडोच्या डोंगरांवरचं गाणं काही रेडिओ स्टेशनांनी बंद केलं होतं, कारण त्यात ‘हाय’ हा शब्द होता. उंच डोंगर असं त्याला म्हणायचं होतं, यांना नशा ऐकू आली. एवढं होऊनही कायदा झाला नाही. कंपन्यांनी स्वतःच चिठ्ठी लावायचं कबूल केलं आणि 1990 पासून सगळ्यांचा एकच काळा-पांढरा शिक्का आला. तुमच्या मोबाइलवरचं अक्षर हे त्या शिक्क्याचं नातवंड.

म्हणजे ते बोर्ड लावत नाही. आपलं बोर्ड पडद्यावर दाखवायचं ते तपासतं, नुसत्या आवाजाला प्रमाणपत्र लागत नाही. गाणं अॅपवर चढवताना कंपनी किंवा गायक ‘ई’वर खूण करतो. केली तर केली. बंद करायचं असेल तर स्पॉटिफायच्या सेटिंग्जमध्ये एक्स्प्लिसिट गाण्यांचं बटण आहे, ते बंद करा. पण खूण न केलेलं गाणं त्यातून निसटणार, आणि वर्गातल्या मैत्रिणीच्या मोबाइलला तुमचं बटण लागू नाही.

शिवाय ही खूण मुख्यतः शब्दांवर चालते. ‘चोली’च्या प्रश्नाला गाण्यातच उत्तर आहे : दिल. शिवी एकही नाही, ‘ई’ कशाला लागेल? आपल्या लावणीत तर उसाच्या फडाला कोल्हा लागतो. खूण करणारा ते शेतीविषयक कार्यक्रमात टाकेल. उलट 1994 ला ‘खुद्दार’मधल्या गाण्यात ‘सेक्सी’ खटकलं म्हणून तिथं ‘बेबी’ घातलं. चाल तीच, नाच तोच. मोठ्या बाईला बाळ म्हणून तसंच नाचवायचं, हे मला तेव्हाही जास्त किळसवाणं वाटलं आणि आजही वाटतं.

तुमच्या जागी मी असतो तर शिवीला घाबरलो नसतो. त्या गाण्यात मुलगी कोण आहे ते बघितलं असतं. बोलते का, की नुसती गाडी-घड्याळाच्या यादीत येते? हे लेकीला पोळ्या लाटतानाच विचारा, समोर बसवून नको. ‘शब्द कोण ऐकतंय’ असं ती म्हणते, त्यावर माझा विश्वास नाही. ई म्हणजे काय, हे तिला आधीच माहीत होतं.

राहिला चिठ्ठीवरचा शब्द. मी अर्थ लिहिला होता, संपादकांनी कापला. कापलेल्या जागी फुल्या छापायला निघाले होते, मीच नको म्हटलं. फुल्या दिसल्या असत्या तर नाशिकमध्ये त्या दिवशी कुणी दुसरं काही वाचलं नसतं. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवा, अर्थ घरपोच मिळेल. लेकीला विचारलंत तर तिकिटाचे पैसे वाचतील.