नवा किंडल पेपरव्हाइट मराठी वाचनासाठी १७ हजारांना घ्यावा का?

तुमचं वाचन बहुतेक मराठी, सध्या सगळं फोनवर, रात्री डोळे चुरचुरतात. तर पेपरव्हाइटची (म्हणजे अमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राची) नवी आवृत्ती घ्यावी का, असा प्रश्न आहे. यंत्रात खोट काढायला फारशी जागा नाही. पण पैसे वसूल होतील की नाही, हे तुमची मराठी पुस्तकं कोणत्या फाइलमध्ये मिळतात यावर ठरेल. म्हणून आधी तेच तपासा, यंत्राचं नंतर.

तपासायला खर्च नाही. फोनवर किंडलचं अ‍ॅप घ्या आणि तुम्हाला हव्या असलेल्या दहा-बारा पुस्तकांची नावं तिथे शोधा. जी सापडतील त्यांचं फुकट सँपल उतरवून अक्षर मोठं करून बघा. अक्षर मोठं झालं आणि ओळी नव्याने मांडल्या गेल्या, तर ते पुस्तक यंत्रावरही छान दिसेल. अख्खं पानच फोटोसारखं मोठं होत असेल, तर ते छापील पानाचं चित्र आहे. यंत्राच्या सात इंची स्क्रीनवर ते वाचताना जीव मेटाकुटीला येतो. यादीतली निम्मी पुस्तकंसुद्धा सापडली नाहीत, तर तूर्त थांबा. बुकगंगावर घेतलेली ई-पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात, किंडलवर नाही. तुमचा साठा तिथे असेल तर अँड्रॉइडवर चालणारं, कागदासारख्या दिसणाऱ्या ई-इंक स्क्रीनचं वाचनयंत्र (ऑनिक्स बूक्ससारखं) बघा.

आता यंत्र. ही आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि भारतात एप्रिल २०२५ मध्ये १६,९९९ रुपयांना मिळू लागली. स्क्रीन ७ इंची, इंचाला ३०० ठिपके, वजन २११ ग्रॅम, साठा १६ जीबी. जोडाक्षरं आणि रफार बारीक अक्षरातही स्वच्छ उमटतात, आणि देवनागरीला ही घनता खरंच लागते. पानं आधीच्या आवृत्तीपेक्षा चटकन उलटतात. उजेड डोळ्यांवर मागून येत नाही, कडेच्या दिव्यांमधून स्क्रीनवर पसरतो. स्क्रीन कागदासारखी बाहेरच्या उजेडातच दिसते, त्यामुळे उन्हातही अक्षर फिकं पडत नाही. रात्री उजेडाला पिवळसर छटा देता येते. तुमच्या तक्रारीवर खरा उतारा हाच. गोड्या पाण्यात दोन मीटर खोल तासभर टिकेल असं संरक्षण आहे; पावसाळ्यातल्या लोकल प्रवासाला ते पुरून उरतं.

बॅटरी बारा आठवडे चालते ही जाहिरात मात्र नीट वाचा. रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद, उजेड २४ पैकी १३ वर, असा तो हिशेब आहे. म्हणजे एकूण साधारण ४२ तास. रोज दोन तास वाचलंत तर तीन आठवडे. उजेड वाढवला आणि वायफाय चालू ठेवलं तर त्याहून कमी. तेही पुष्कळ झालं. चार्जर खोक्यात नसतो, फक्त टाइप-सी केबल असते. ३२ जीबीच्या महागड्या आवृत्तीच्या मागे लागू नका: कादंबरीची फाइल बहुधा दोन-चार एमबीची असते.

खरी गोम पीडीएफमध्ये आहे, कारण फुकट मिळणारं मराठी साहित्य बरंचसं त्याच रूपात असतं. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं घ्या किंवा स्कॅन केलेले जुने ग्रंथ. स्क्रीन अंदाजे ४.२ बाय ५.६ इंच. ए-फोर पान तिथे निम्म्याहून किंचित लहान होतं, म्हणजे १२ पॉइंटचा मजकूर सहावर येतो. डेमी आकाराचं पुस्तक (५.५ बाय ८.५) दोन-तृतीयांश होतं. यावर साधा उपाय म्हणजे यंत्र आडवं धरणं: डेमी पानाची पूर्ण रुंदी मूळ आकारात मावते, फक्त पान दोन टप्प्यांत वाचावं लागतं. संगणकावर समास कापून घेतले तर आणखी बरं. दोन रकान्यांचे, रंगीत दिवाळी अंक या स्क्रीनवर वाचायचा नाद सोडा. त्यांना टॅबलेटच हवा.

पीडीएफचं ई-पुस्तकात रूपांतर करून बघायचं असेल, तर आधी एक चाचणी. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी उमटणारी आजची अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये आहे आणि रूपांतरातही तोच काला येईल. युनिकोड असूनही कधी कधी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा बदलतात, तेव्हा पहिली दोन पानं बघूनच पुढे जा. काहीच चिकटलं नाही तर पानं स्कॅन केलेली आहेत.

ईपब (ई-पुस्तकांची सर्रास वापरली जाणारी फाइल) किंवा युनिकोडमधली वर्ड फाइल मिळाली तर अडचण नाही. मराठी विकिस्रोतावरून पुस्तक ईपबमध्ये उतरवता येतं. अमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ या संकेतस्थळावर लॉग-इन करून फाइल टाका (मर्यादा २०० एमबी); वायफाय चालू असेल तर ती थोड्या वेळात यंत्रावर येते. ईमेलने पाठवायची असेल तर आधी अमेझॉन खात्याच्या सेटिंगमध्ये तुमचा ईमेल पत्ता मान्य यादीत घाला. फाइल पोचलीच नाही, तर पहिला संशय तिथेच घ्या. मोबी ही किंडलची जुनी फाइल आता या मार्गाने जात नाही, कॅलिबर या संगणकावरच्या फुकट प्रोग्रॅममध्ये तिचं ईपब करून घ्या. आणखी एक: विकत घेतलेलं पुस्तक अमेझॉनच्या साइटवरून संगणकावर उतरवून ठेवायची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. मला ही गोष्ट खटकते. मालकी म्हणावी अशी काही तुमच्या हातात राहत नाही.

पैशांचा हिशेब रोखठोक करा. छापील प्रतीपेक्षा ई-पुस्तक सरासरी शंभर रुपयांनी स्वस्त पडतं असं धरलं, तरी १७ हजार भरून निघायला १७० पुस्तकं लागतील. तेव्हा बचतीसाठी घेऊ नका. डोळ्यांसाठी, घरातल्या जागेसाठी किंवा परदेशात राहत असाल तर टपालखर्च वाचवण्यासाठी घ्या. २०२१ चा पेपरव्हाइट घरात असेल तर बदलायचं कारण नाही. २०२२ चा साधा किंडल ९,९९९ रुपयांना आला होता. तो कुठे मिळाला तर अक्षर तितकंच स्वच्छ, पण स्क्रीन सहा इंची, पिवळा उजेड नाही आणि पाण्यापासून संरक्षण नाही. रात्री वाचणाऱ्याने तिथे पैसे वाचवू नयेत.

घेतलात तर कव्हर त्याच दिवशी घ्या. स्क्रीनखाली काचेचा पातळ थर असतो; भरलेल्या पिशवीत डब्याचा कोपरा दाबला गेला की तो आतून तडकतो, आणि अशी मोडतोड वॉरंटीत बसत नाही. शिवाय बदलून मिळायची मुदत संपण्याआधी अंधाऱ्या खोलीत उजेड २४ वर नेऊन कोऱ्या पानावर डाग, मेलेले ठिपके किंवा एका कडेला सावली दिसते का ते बघून घ्या.