घरातला वजनकाटा, रक्तदाबाचा पट्टा, साखरेचा सेन्सर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांचे हृदय कमकुवत आहे. त्यांचे रोजचे वजन आपोआप फोनवर यावे म्हणून मी काटा बनवतो आहे. चार कोपऱ्यांना ५० किलोचे लोडसेल (वजनाचा भार मोजणारे सेन्सर), एचएक्स७११ (त्यांचा संकेत आकड्यात बदलणारी चिप) आणि ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा संगणक-बोर्ड) अशी जोडणी आहे. आकडा मात्र एकाच दिवसात किलोभर वरखाली होतो. काटा चुकतोय की वजनच बदलतंय?

उत्तर : दोन्ही होत असेल, म्हणून आधी काट्याची परीक्षा घ्या. २० लिटर पाण्याने भरलेला कॅन काट्यावर ठेवा, पूर्ण उचला, पुन्हा ठेवा. असे दहा वेळा करा. आकड्यांत २०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला तर दोष बहुधा बांधणीत असतो. या लोडसेलची मधली जीभ वाकायला मोकळी हवी. ती फळीला सपाट चिकटवली की आकडा अडकतो. मग तोच कॅन एकेका कोपऱ्यावर ठेवून पाहा. एखाद्या कोपऱ्यावर आकडा कमी किंवा उलटा आला तर तिथल्या तीन तारा चुकीच्या जोडल्या आहेत. काटा गालिच्यावर नको, कडक फरशीवरच हवा.

यानंतरची गडबड प्रोग्रॅममध्ये सापडते. बॅटरी वाचवण्यासाठी ईएसपी३२ झोपवलेला असतो आणि माणूस चढल्यावर जागा होतो. त्याच क्षणी त्याने शून्य धरले, तर माणसाचे वजनही शून्यात जाते. म्हणून माणूस उतरल्यावर शून्य साठवा आणि पुढच्या वेळी तेच वापरा. एचएक्स७११ सेकंदाला १० नोंदींवर ठेवा; ८० नोंदींवर आकडा जास्त थरथरतो. नोंदी १०० ग्रॅमच्या आत स्थिरावल्या की पुढच्या चार-पाच सेकंदांचा मध्यक, म्हणजे नोंदी क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. वायफाय त्यानंतरच सुरू करा, कारण ते चालू होताना जोराचा प्रवाह ओढते आणि मोजणीत खरखर येते.

काटा बरोबर निघाला तरी अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर अर्धा किलो वाढणारच. म्हणून वजन सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी आणि साधारण तेवढ्याच कपड्यांत घ्यावे. इथे रोजचा फरक महत्त्वाचा. काटा कायम ३०० ग्रॅम जास्त दाखवत असेल तरी चालेल, पण आज जास्त आणि उद्या कमी असे चालणार नाही.

इशाऱ्याचा नियम डॉक्टरांकडून लिहून घ्या. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ झाली तर कळवा, असे सहसा सांगितले जाते. अंगात पाणी साठू लागले की दम लागण्यापूर्वी वजन वाढू शकते, म्हणून ही नोंद मोलाची. केवळ कालच्या आकड्याशी तुलना करू नका. रोज २५०-३०० ग्रॅम असे हळूहळू पाणी साठले तर तशा तुलनेने इशारा कधीच वाजणार नाही. तीन दिवसांपूर्वीचे वजन आणि डॉक्टरांनी ठरवलेले मूळ वजन, दोन्हींशी ताडून पाहा. आकडा आधीपेक्षा एकदम पाच किलोने वेगळा आला तर घरातले दुसरे कोणी चढले असेल. तो नोंदवण्यापूर्वी फोनने विचारावे. दोन दिवस नोंदच आली नाही, तर त्याचाही निरोप गेला पाहिजे. आजारी माणूस अंथरुणातून उठत नाही, तेव्हा काटा गप्पच असतो. निरोप कोणाला जाणार आणि त्याने काय करायचे, हे काटा सुरू होण्याआधी ठरलेले असावे. लघवी वाढवणाऱ्या गोळीचा डोस स्वतःच्या अंदाजाने बदलू नये.

प्रश्न : घरचे रक्तदाबाचे यंत्र दर वेळी वेगळा आकडा दाखवते. कोणता खरा मानायचा?

उत्तर : एकटा कोणताच नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे शांत बसा. हात हृदयाच्या पातळीला टेकवा. तो १० सेंटीमीटर खाली राहिला तर आकडा सुमारे ७-८ ने वाढतो. दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळतो का बघा; लहान पट्टा आकडा फुगवतो. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन मोजण्या, दोन्हींत एक मिनिटाचे अंतर, असे सात दिवस करा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा. नाडी अनियमित असेल तर ही यंत्रे अडखळतात, ते त्यांना जरूर सांगा. आणि बॅटरी बदलल्यावर यंत्राचे घड्याळ तपासा, नाहीतर सकाळच्या नोंदी रात्रीच्या म्हणून साठतील.

प्रश्न : दंडावरचा साखरेचा सेन्सर १०५ दाखवतो, बोटाच्या पट्टीवर ८६ येते. सेन्सर खराब आहे का?

उत्तर : लगेच तसे समजू नका. सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे असते. साखर उतरत असताना सेन्सर जास्त दाखवतो, म्हणजे धोका आहे तेव्हाच धीर देतो. साखरेचा कल दाखवणारा सेन्सरचा बाण खाली असेल किंवा घाम, थरथर जाणवत असेल तर हात धुऊन बोटाची चाचणी करा. फळाचा रस बोटाला लागलेला असला तरी आकडा खोटाच वर जातो. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बोटावरच तपासा. सेन्सरच्या भरवशावर राहिलात तर तो उशिरा वर येतो आणि तोवर दुप्पट साखर खाल्ली जाते. रात्री त्याच कुशीवर झोपल्याने सेन्सर दाबला गेला तर खोटा ‘कमी’ इशाराही वाजतो. तसे वारंवार होत असेल तर पुढचा सेन्सर लावताना दंडावरची जागा बदला.

प्रश्न : गोळ्यांचा डबा उघडल्याची नोंद ठेवणारे यंत्र घ्यावे का?

उत्तर : विसरण्यामुळे गोळी चुकत असेल तर उपयोग होतो. पण नोंद झाकणाची होते, गोळी पोटात गेल्याची नाही. गोळीने चक्कर येते म्हणून कोणी ती टाळत असेल, तर डबा कितीही वाजला तरी फरक पडणार नाही. तिथे डॉक्टरांशी बोलून गोळी किंवा तिची वेळ बदलून घ्या.