सेमिनारमध्ये काहीच कळत नाही, काय करू?

प्रश्न : बाई, मी वडोदऱ्यात रावपुऱ्यात राहते. भौतिकशास्त्रात पीएचडीला नुकताच प्रवेश घेतलाय, विषय संगणकीय मटेरियल सायन्स. दर गुरुवारी विभागात सेमिनार असतो. पडद्यावर बँडचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांचे, रंगीत आलेख येतात, सगळे माना डोलावतात आणि मला दहा मिनिटांनंतर काही म्हणजे काही कळत नाही. घरी मराठी, बाहेर गुजराती, सेमिनार इंग्रजीत. प्रश्न विचारायचा धीरच होत नाही. जाणं बंद करावं का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : अजिबात बंद करू नकोस. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते. सगळं कळलंच पाहिजे हा हट्ट मात्र सोड. पहिलं वर्षभर एकच धागा धरून बस : समोरच्याने आपला आकडा कशाशी ताडून पाहिलाय?

हे आकडे बहुधा डेन्सिटी फंक्शनल थिअरीतून येतात, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढायच्या पद्धतीतून. तिचा पाया होहेनबर्ग आणि कोन यांनी १९६४ मध्ये घातला, १९६५ मध्ये कोन आणि शॅम यांनी ती गणिताला वापरता येईल अशी केली. सिद्धांत चोख आहे. पण त्यातलं एक्स्चेंज-कोरिलेशनचं पद (इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांवरच्या क्वांटम परिणामाचं) नेमकं कुणालाच माहीत नाही, तिथे अंदाजी सूत्र घालावं लागतं. सिलिकॉनच घे. १९९६ चं पीबीई नावाचं असं एक सूत्र लॅटिस कॉन्स्टंट, म्हणजे स्फटिकाच्या घनाकार पेशीची बाजू, ५.४७ अँगस्ट्रॉम देतं, मोजलेला आहे ५.४३. एक टक्क्याच्या आत! त्याच गणनेतून बँड गॅप, म्हणजे ऊर्जापट्ट्यांमधली फट, मात्र ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास निघतो आणि प्रत्यक्षात खोलीच्या तापमानाला तो १.१२ असतो. म्हणजे तीच पद्धत एका बाबतीत भरवशाची, दुसऱ्या बाबतीत निम्म्यावर. म्हणून पडद्यावर बँड गॅप आला की आधी सूत्र कोणतं ते वहीत लिही. एवढ्याने अर्धा सेमिनार हातात येतो.

दुसरं ताडणं गणनेच्या आतलं असतं, कट-ऑफचं (गणनेत किती लहरी घ्यायच्या त्याची मर्यादा) आणि के-पॉइंट्सच्या जाळीचं (ऊर्जा किती बिंदूंवर काढायची ती). हे मी ठेच लागून शिकले. माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी एका पदार्थाच्या दोन रचनांच्या ऊर्जा मांडल्या आणि पहिली जास्त स्थिर आहे असं ठासून सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका वयस्कर सरांनी शांतपणे विचारलं, "दोन्हींना जाळी सारखीच दाट होती का?" नव्हती. एकीची विरळ ठेवली होती, वेळ वाचावा म्हणून. फरक होता अणूमागे काही मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, आणि जाळीची चूक त्याहून मोठी. दोन दिवसांनी नीट गणना केली तेव्हा दुसरीच रचना स्थिर निघाली. त्या सरांचा प्रश्न सहा शब्दांचा होता, आणि तो त्यांनी मला पाडायला विचारला नव्हता. तसे प्रश्न तुलाही विचारता येतील.

त्यासाठी हात मात्र बसायला हवा. क्वांटम एस्प्रेसो हे अशा गणनांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते लॅपटॉपवर टाक. सिलिकॉनच्या लहानात लहान पेशीत दोनच अणू असतात, गणना चहा होईपर्यंत संपते. कट-ऑफ १० रिडबर्गपासून (हे ऊर्जेचं एकक) ४० पर्यंत वाढवत ने. एकूण ऊर्जा खाली खाली उतरत जाऊन स्थिरावेल. मग जाळी २×२×२ वरून ४, ६, ८ कर. इथे ऊर्जा वरखाली होऊ शकते, घाबरू नकोस. दोन्ही आलेख स्वतःच्या हाताने वहीत काढ, कारण एकदा ती रेघ सपाट होताना पाहिली की दुसऱ्याच्या स्लाइडवर ती नसली तर लगेच खटकते.

भाषेचं म्हणशील तर प्रश्न आधी मराठीत लिही. मीही तसंच करायची. मग त्याचं चार शब्दांचं इंग्रजी कर : कोणतं सूत्र, किती जाळी, मोजलेला आकडा किती. इंग्रजी मोडकं झालं तरी कुणी अडत नाही. आणि सगळ्यांसमोर अगदीच जमलं नाही, तर वक्त्याला बाहेर चहाच्या टपरीवर गाठ. सेमिनार संपल्यावर सेव-उसळ खाताना माणसं आपल्या गणनेत काय फसलं ते मोकळेपणाने सांगतात, मला तिथे फार शिकायला मिळालं.

येत्या गुरुवारी दुसऱ्या ओळीत बस. शेवटच्या ओळीतून आलेखाच्या अक्षांवरचे आकडे वाचता येत नाहीत. सिलिकॉनचे दोन आलेख झाले की मला पाठव, कुठे अडलीस ते त्यावरून कळेल.