लांगूलचालन, अनुनय, मनधरणी की जोगवा?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरच्या लेखाचा अनुवाद करताना 'उमेदवार धर्मप्रसारक मतदारांचे लांगूलचालन करतात' असं वाक्य झालं आहे. मुळात मतदारांसाठी 'इव्हँजेलिकल' (बायबल हेच प्रमाण मानणाऱ्या एका प्रॉटेस्टंट धारणेचे ख्रिस्ती) हा शब्द आहे. लांगूलचालन फार कडक वाटतं, तर दुसरा शब्द कोणता?

लांगूलचालन खटकलं ते बरोबरच आहे. पण या वाक्यातली मोठी चूक 'धर्मप्रसारक' ही आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

लांगूल म्हणजे शेपूट. भर्तृहरीच्या नीतिशतकात कुत्रा घास देणाऱ्यापुढे शेपूट हलवतो, पायाशी लोळतो, पोट दाखवतो. हत्ती मात्र शांतपणे बघत राहतो आणि शंभर आर्जवं झाल्यावर खातो. म्हणजे मुळात लांगूलचालन करणारा भुकेला आणि समोरचा दाता. त्या हिशेबाने मतं मागत फिरणाऱ्या उमेदवाराला शब्द अगदी चपखल बसतो. (रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह हत्ती आहे, हा निव्वळ योगायोग.) पण मराठी राजकीय भाषेत या शब्दाची दिशा उलटली. आता सत्तेवरचा माणूस एखाद्या गटाला सवलती देऊन खूश ठेवतो, त्याला आपण लांगूलचालन म्हणतो, म्हणजे तुष्टीकरण. शिवाय तो आरोपाचा शब्द आहे. विरोधकाने आरोप केला असेल तर त्याच्या तोंडी जरूर घालावा. बातमीदाराने स्वतःच्या वाक्यात वापरला, की त्याने बाजू घेतली असं वाचणारा धरून चालतो.

अनुनयात रुसवा गृहीत असतो. संस्कृत काव्यात अनुनय होतो तो रुसलेल्या मानिनीचा. म्हणून आधी कोणीतरी दुखावलेलं असेल तरच तो शब्द शोभतो. नमुनेदार उदाहरण अध्यक्षपदाचे इच्छुक रिपब्लिकन नेते जॉन मॅकेन यांचं. फेब्रुवारी २००० मध्ये व्हर्जिनियात त्यांनी पॅट रॉबर्टसन आणि जेरी फॉलवेल या दोन वजनदार धर्मोपदेशकांना असहिष्णुतेचे हस्तक ठरवलं. त्या वर्षीची उमेदवारी गेली. मे २००६ मध्ये, पुढच्या लढतीची तयारी चालू असताना, तेच मॅकेन फॉलवेल यांच्याच लिबर्टी विद्यापीठात पदवीदान समारंभाचे वक्ते म्हणून उभे होते. याला अनुनय म्हणतात. इथे 'मनधरणी' लिहिलं तर मधल्या सहा वर्षांचा अबोला हरवतो.

मनधरणीत समोरचा रुसलेला नसतो, तो का-कू करत असतो आणि त्याच्यामागे पुन्हा पुन्हा लागावं लागतं. २०१६ मधले ट्रम्प इथे बसतात. तीन लग्नं आणि गर्भपाताबद्दल पूर्वी घेतलेली वेगळी भूमिका यामुळे अनेक इव्हँजेलिकल नेते बिचकत होते. मग मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयासाठी ११ संभाव्य न्यायाधीशांची यादी आली, जूनमध्ये न्यूयॉर्कला शेकडो धार्मिक नेत्यांची बैठक झाली, जुलैत उपाध्यक्षपदासाठी स्वतः इव्हँजेलिकल असलेल्या माइक पेन्स यांची निवड झाली. माझ्या मते यादी हातात पडली तिथे मनधरणी संपली आणि व्यवहार सुरू झाला. तिथून पुढे 'हमी देणे', 'शब्द देणे' अशी साधी क्रियापदंच नेमकी.

ट्रम्प यांच्याच प्रचारातला एक सापळा अनुवादकांसाठी सांगून ठेवतो. जानेवारी २०१६ मध्ये लिबर्टी विद्यापीठात बायबलमधल्या एका पत्राचं नाव घेताना ते 'टू कोरिंथियन्स' म्हणाले. अमेरिकेतल्या चर्चमध्ये 'सेकंड कोरिंथियन्स' म्हणण्याची रीत आहे, म्हणून हशा पिकला. मराठी बायबलप्रमाणे 'करिंथकरांस दुसरे पत्र' असं शुद्ध भाषांतर केलंत, तर उमेदवाराची चूक तुम्हीच दुरुस्त केलीत आणि पुढचा परिच्छेद निरर्थक झाला. तिथे त्यांचा उच्चार जसाच्या तसा ठेवावा आणि खुलासा द्यावा.

'साद घालणे' हे मला सगळ्यांत निर्धोक वाटतं. त्यात निंदा नाही आणि पाठिंबा मागण्याची आडवळणी तऱ्हाही सामावते. ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसला हजारो धर्मोपदेशकांसमोर रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन म्हणाले, त्याचा आशय असा: तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे ठाऊक आहे, पण तुम्हाला आणि तुमच्या कार्याला माझा पाठिंबा आहे. हे वाक्य कळायला पार्श्वभूमी लागते. तो मेळावा अधिकृतपणे पक्षनिरपेक्ष होता आणि करकायद्यातल्या १९५४ सालच्या दुरुस्तीने करमुक्त संस्थांना, म्हणजे चर्चनाही, उमेदवाराचा प्रचार करायला मनाई केली होती. रेगन यांनी वाक्य उलटं फिरवून ती अडचण टाळली. आपल्याकडे अशा ठिकाणी सर्रास 'आशीर्वाद दिला' लिहितात. तेवढं टाळा, कारण सगळी खुबी 'जाहीर पाठिंबा' या शब्दात आहे.

चुचकारणे आणि गोंजारणे यांत समोरचा जनावर किंवा मूल ठरतो, म्हणून ते फक्त उपरोधासाठी. 'मतांचा जोगवा' रंगतदार खरा, पण जोगवा देवीच्या नावाने परडी घेऊन मागतात. बॅप्टिस्ट उमेदवाराच्या हाती यल्लम्माची परडी दिल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते स्फुटात चालेल, बातमीत नाही.

आता 'धर्मप्रसारक'. तो मिशनरीसाठीचा शब्द. इव्हँजेलिकल मतदार शिक्षक असेल, सुतार असेल, सैनिक असेल. शब्दाचं मूळ ग्रीक, अर्थ शुभवार्ता. मराठी ख्रिस्ती समाजात त्यासाठी 'सुवार्ता' आणि 'शुभवर्तमान' हे दोन्ही शब्द रुळलेले आहेत आणि सुवार्ता सांगत फिरणारा तो 'सुवार्तिक'. पण सुवार्तिक हे काम आहे, तर इव्हँजेलिकल असणं ही प्रॉटेस्टंट पंथातली धारणा: बायबल हेच प्रमाण, क्रुसावरचं बलिदान केंद्रस्थानी, वैयक्तिक परिवर्तन आवश्यक आणि श्रद्धा कृतीतून दिसायला हवी. 'सुवार्तावादी' असा शब्द घडवता येईल, पण सामान्य वाचकाला त्याचाही खुलासा लागणारच. मग 'इव्हँजेलिकल' ठेवून पहिल्यांदा एका ओळीत अर्थ द्यावा.

त्याच्या जोडीला 'बॉर्न अगेन' येतं. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी स्वतःबद्दल ते उघडपणे सांगितलं आणि प्रचाराच्या भाषेत शब्द रुजला. त्याचं 'पुनर्जन्म झालेले' करू नका, आपल्या वाचकाला थेट चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतील. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला भेटायला आलेल्या निकदेमाचाही असाच घोटाळा होतो. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा जाईल, असं तो विचारतो. मराठी बायबलात तिथे 'नव्याने जन्म' आहे, त्यावरून 'नवजन्म पावलेले' म्हणावं.

आकडे येतील तिथे 'श्वेतवर्णीय' हे विशेषण गाळू नका. २०१६ च्या मतदानोत्तर चाचणीत श्वेतवर्णीय नवजन्मी किंवा इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिलं होतं. कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंटांतही स्वतःला नवजन्म पावलेले म्हणवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची बहुसंख्य मतं डेमोक्रॅटिक पक्षाला जातात. विशेषण गळलं की वाक्य खोटं ठरतं.

तेव्हा सर्वसाधारण विधानासाठी 'उमेदवार इव्हँजेलिकल मतदारांना साद घालतात' एवढं पुरे. लेखात मॅकेन यांच्यासारखी विशिष्ट घटना असेल तर अनुनय, २०१६ मधल्या ट्रम्प यांच्यासारखी असेल तर मनधरणी.

लेखात १९६० चं केनेडी यांचं ह्यूस्टनचं भाषण असेल, तर श्रोत्यांना 'पाद्री' लिहू नका. पाद्री हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, गोव्यात आणि वसईत तो कॅथलिक धर्मगुरूसाठी. ह्यूस्टनला समोर होते प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक, मराठी प्रॉटेस्टंटांच्या भाषेत पाळक. आणि कॅथलिक उमेदवार त्यांना पटवत होता की राज्यकारभारात तो पोपचा हुकूम घेणार नाही. पाळकांच्या जागी पाद्री आले, की तो हे कोणाला आणि कशासाठी पटवतोय तेच कळत नाही.